कार्डाचा कोपरा

बारा वर्षांत माझ्या हातची कार्डं मस्तगडातून किती घरांत गेली याचा मला पत्ता नाही. पण त्यातलं एकही परत आलं नव्हतं, एवढं छातीठोक सांगतो. कार्ड ही परत यायची वस्तूच नव्हे. चपला परत येतात, साड्या परत येतात, लग्नात दिलेला मिक्सर शेजारच्या दुकानात परत आलेला मी स्वतः पाहिलाय. कार्ड गेलं की गेलं. म्हणून परवा मंगळवारी अकराच्या सुमाराला पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा दुकानाची पायरी चढून आला, प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने माझंच एक पाकीट काढलं आणि टेबलावर पालथं ठेवून मागच्या शिक्क्यावर बोट टेकवलं, तेव्हा मी हातातला ब्रश खाली ठेवला. शिक्क्यात लिहिलंय, मच्छिंद्र पेंटर, हाती केलेली कार्डं, मस्तगड, जालना. "हे तुम्हीच का?" म्हाताऱ्याने विचारलं. मी हो म्हणालो, बसा म्हणालो. तो बसला नाही. टेबलाची कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मंग एक सांगा पेंटर. हे कार्ड घ्यायला जे कोण आल्तं, ते रडत होतं का?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर असले प्रश्न मलाच लोकांना विचारायचे असतात. माझी ती जुनी खोड आहे. पूर्वी मी भिंती रंगवायचो. कपाशीच्या बियाण्यांच्या जाहिराती, दवाखाने, निवडणुकीतली चिन्हं. जिल्ह्यातलं एक गाव असं नाही की जिथली एखादी भिंत माझ्या हाताखालून गेली नाही. मग फ्लेक्स आले आणि शिडी, डबे, ब्रश सगळं माळ्यावर गेलं. त्यानंतर हातकागदाची कार्डं करायला लागलो. वाढदिवस, बारसं, ईद, दिवाळी ही तर सगळेच करतात. मी बाकीच्या दिवसांचीही करतो. बदली झालेल्याला द्यायचं, दवाखान्यातून घरी आलेल्याला द्यायचं, बारावीत आपटलेल्या पोराला द्यायचं, ज्याचं माणूस गेलंय त्याला द्यायचं. लोक आधी हसतात, मग गुपचूप येऊन तीच घेऊन जातात. माझं कार्ड आतून कोरं असतं. तिथे कोण काय लिहितं, हे मला कधीच कळत नाही, आणि तेच जाणून घ्यायला माझा जीव खालीवर होतो. एकदा एका बाईने सवतीसाठी कार्ड नेलं होतं. सवतीला काय लिहीत असतील? तीन वर्षं झाली, अंघोळ करताना मध्येच आठवतं आणि मी तांब्या हातात धरून उभा राहतो. विचारायची सोय नाही. विचारलं की माणूस बिथरतं, आणि बिथरलेलं गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

म्हाताऱ्याने पाकिटातून कार्ड अर्धंच वर ओढलं आणि माझ्याकडे न बघता बाजूच्या भिंतीकडे बघत राहिला. मी बघितलं. फिकट निळा कागद, त्यावर मी काढलेली शेवरीच्या झाडाची एक फांदी, आणि उजवीकडचा वरचा कोपरा हाताने फाडलेला. फाडलेला म्हणजे मीच फाडलेला. पुण्याहून आकांक्षाने, माझ्या लेकीने, वर्षापूर्वी मोबाईलवर दाखवलं होतं. कागद ओला करून नखाने अलगद फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि खालचा हळदी रंगाचा कागद त्यातून डोकावतो. पप्पा, हे मस्त दिसतं, सगळे असंच करतात आता. मला ते एका बैठकीत जमलं. हात मुळातच गुणी आहे माझा, आपलीच स्तुती म्हणून सांगत नाही. वर्षभरात अशी दीडदोनशे कार्डं गेली असतील. आणि मी त्या कोपऱ्याकडे बघत असताना म्हाताऱ्याच्या नाकपुड्या हलत होत्या, गालावरची पांढरी खुंटं हलत होती, आणि मला एकाएकी सगळं कळलं.

"काका, तुम्ही हे वाचलं नाही?" मी विचारलं.

"वाचायचं काय? कोपरा बघितला अन् तसंच आत सारलं. हसनाबादचं हाय, पाकिटावर लिव्हलंय. हसनाबादला माझी एकच बहीण. उषी." म्हाताऱ्याने कार्ड पुन्हा आत सारलं. "शुक्रवारी आलं. अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ केली. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक आमच्यात तीन दिवस धरतात, ते धरलं. आज म्हणलं जावं, तोंड दाखवावं. कुंभार पिंपळगावहून निघालो तवा बिलकुल घट्ट होतो. जालन्याला उतरलो अन् पायच उचलंना. पाकिटावर तुमचं नाव बघितलं, म्हणलं आधी इथं विचारावं."

मागच्या खोलीत माझी आई असते. सोनूबाई, वय चौऱ्याऐंशी, मी तिला माय म्हणतो. शेगडीवर ती गव्हाच्या पिठाची खळ ढवळत बसते, कारण बाजारातल्या डिंकाची बाटली तिला पसंत नाही. लिहायला वाचायला तिला येत नाही, पण कानाला काही चुकत नाही. आतून तिचा आवाज आला, "लेकीला बापाचं बी तिनच." आणि पुन्हा पळी फिरायला लागली.

मी म्हाताऱ्याला कसं सांगावं याचा विचार करत होतो. त्याचं नाव संपतराव, हे त्याने नंतर सांगितलं. मला ते कार्ड घेणारी मुलगी लख्ख आठवत होती. गिऱ्हाइकांचे चेहरे माझ्या लक्षात राहतात, लिहिण्यापूर्वीचा चेहरा तरी राहतोच. कॉलेजची पोरगी, पाठीवर पिशवी, एका हातात मीठ-तिखट लावलेला पेरू. पेरू खात खात तिने चाळीस कार्डं उलटीपालटी केली आणि हे एक उचललं. वर मला म्हणाली, कोपरा कसला भारी फाडलाय काका. "काका," मी संपतरावांना म्हणालो, "ती रडत नव्हती. हसत होती. पेरू खात होती." संपतरावांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "हसत होती? उषीची नात असल, पोराची पोरगी, अक्षता. जालन्यालाच शिकती म्हणं." मग त्यांचा चेहरा आणखीनच ओढला. "मंग गेलं कोण? आजी गेल्यावर पोरगी हसंल का?" मी म्हणालो, "कुणी गेलं नाही काका. तो कोपरा मी फाडलाय. कार्ड करतानाच. हल्ली तशी फॅशन आहे." "फॅशन?" ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ज्या तऱ्हेने म्हणाले ते ऐकून मी माझ्या हातांकडे बघितलं. "मरणाच्या कार्डाची फॅशन?"

नव्या पोरांना माहीत नसेल, आकांक्षाला माहीत असायचं कारण नाही, तिच्या जन्मानंतर घरात पोस्टकार्ड आलंय की नाही कोण जाणे. पण मला माहीत होतं. शुभ पत्राला हळदकुंकवाची बोटं, आणि मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला. पोस्टमनच्या हातात लांबून कोपरा दिसला की बाया दारातच बसकण मारायच्या. वाचून झालं की कार्ड फाडून टाकायचं, तसलं घरात ठेवायचं नाही. अख्ख्या जालन्यात हे एखाद्याने विसरू नये तर तो मी. आणि वर्षभर मी नखाने कोपरे फाडत बसलो, वर हाताची कलाकुसर बघून खूशही झालो, आणि एकदाही, एकदाही माझ्या मनात ते आलं नाही. हे कसं झालं असेल? एखादी गोष्ट माणूस विसरतो म्हणजे ती जाते कुठे? मी संपतरावांसाठी पाण्याचा तांब्या भरत होतो आणि मला स्वतःचीच मोठी गंमत वाटत होती, गंमत आणि भीती.

कारण मी आयुष्यात केलेलं पहिलं कार्ड मरणाचंच होतं. मी नऊ वर्षांचा, तिसरीत. आमचं गाव भोकरदनकडचं, आणि पोस्टमन कार्डं शाळेतच पोरांच्या हाती द्यायचा. त्या दिवशी त्याने माझ्या हातात कार्ड दिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. कोपरा फाडलेला. मंठ्याकडचं, म्हणजे मायच्या माहेरचं. अशुभ वार्ता, आप्पा गुरुवारी पहाटे वारले, नदीला पूर आहे, माणूस येऊ शकत नाही, सोनूबाईस कळवणे. आप्पा म्हणजे मायचे वडील. वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आप्पा आले नाहीत, माय आली नाही. रंगपेटी आली. दुसऱ्या दिवशी वडील मला जालन्याच्या बाजाराला घेऊन जाणार होते, बारा वड्यांची रंगपेटी घेऊन देणार होते. वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. मरणाचं कार्ड घरात गेलं असतं तर बाजार गेला असता आणि पेटी गेली असती. मग मी विहिरीजवळच्या बाभळीकडे गेलो, खोडावरचा डिंक काढला, हातावर थुंकी टाकून तो मळला. घरी आढ्याच्या तारेत जुनी पत्रं ओवलेली असायची, त्यातल्या एकाचा कोपरा कापला. कापला आणि त्या फाटक्या जागी चिकटवला. पाटीखाली दाबून वाळवला. रंग थोडा वेगळा होता म्हणून वर चुलीतली राख बोटाने चोळली. हे सगळं मी इतकं मन लावून केलं की मध्ये काही वेळ आप्पा मेलेत हे मी विसरलो होतो, हेही खरं आहे.

संपतराव पाणी प्यायले. "तुम्हीच उघडा," ते म्हणाले. "माझा हात होत न्हाई." आणि इथे मी कबूल करतो की त्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना मला घाई वेगळ्याच कारणाने झाली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कार्डाच्या आतली बाजू मला बघायला मिळणार होती. मी कार्ड ओढून बाहेर काढलं, उघडलं. अक्षताचं अक्षर गोल, मोठं. मी मोठ्याने वाचलं: "दादा, माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सोमवारी निघणार. डॉक्टर म्हणतात आता सगळं दिसेल. तू कसा दिसतो ते बघायचंय. चौदा वर्षं झाली. ये. तुझी उषा." खाली पोरीने आपल्या मनाने चष्मा घातलेला एक हसरा चेहरा काढला होता. मी वाचून थांबलो. संपतराव टेबलाशेजारच्या स्टुलावर हळूच बसले, आत्ता पहिल्यांदा बसले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे तिचंच बोलणं हाय," ते म्हणाले. "तू कसा दिसतो म्हणं. माकडासारखा दिसतो म्हणावं." मग आपणहूनच सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं, शपथ. चौदा वर्षांपूर्वी बहिणीच्या लेकीचं लग्न होतं. मामा म्हणून नवरीला मांडवात आणायचा, तिच्या मागे उभं राहायचा मान त्यांचा. जीप पंक्चर झाली आणि ते अर्धा तास उशिरा पोहोचले. मुहूर्त टळत होता म्हणून बहिणीने शेजारच्या माणसाला मामा करून उभं केलं. संपतराव मांडवाच्या तोंडापर्यंत गेले, नवरीमागे परका माणूस बघितला आणि आहेराचं गाठोडं काखेत तसंच धरून आल्या पावली परत फिरले. "तांब्याभर पाणी बी न्हाई प्यालो. अन् मंग नंतर जितके दिवस गेले तितका राग मुरत गेला. लोणचं मुरतं तसा." ते हसले. "पण पेंटर, एक भानगड झाली ना आता. शुक्रवारपासून तिला मेली समजून मी रडून घेतलं. लहानपणी तिला पाठकुळी घेऊन शाळेत नेत होतो, ते सगळं आठवून आठवून रडलो. आता तो राग काढू म्हणलं तर सापडत न्हाई. मेलेल्यावर राग धरता येत न्हाई, अन् ही तर जिती निघाली. मी तिथं जाऊन बोलू काय?"

"बोलू नका. डोळ्यांची तपासणी करा," मी म्हणालो. "किती बोटं दिसतात विचारा." ते पुन्हा हसले, डोळे पुसले आणि एकदम दचकून उठले. "पण हे कार्ड? हे तर बराबर घेऊन जावं लागंल. कार्ड आलं म्हणून आलो, असं म्हणावं लागंल. अन् आता तिला दिसतंय! हा कोपरा बघितला तर ती काय म्हणंल? मी जितेपणी धाडलं अन् यानं मला मेलेली धरली म्हणंल. पोरीला काय कळतंय, पण उषीला कळतंय ना." त्यांनी कार्ड माझ्या हातात दाबलं. "हा कोपरा जोडून द्या. बिलकुल दिसला न्हाई पाहिजे. बाराची गाडी हाय."

मी कार्ड हातात धरून उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांनी तेच काम माझ्यापुढे आलं होतं, फक्त तेव्हा बाभळीचा डिंक होता. मी मायला हाक मारली. ती वाटीत खळ घेऊन आली, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत, आणि संपतरावांसमोरच्या पाटावर टेकली. मी कपाटातून त्याच निळ्या कागदाचा तुकडा काढला. कोपरा जोडायचा तर नुसता चिकटवून भागत नाही. दोन्ही कडा ओल्या करायच्या, सुईने तंतू सोडवायचे, कागदाचा पदर सोलून पातळ करायचा, मग तंतूत तंतू मिसळून मध्ये नावापुरती खळ. बोटं काम करत होती आणि मी मात्र त्या दिवसाच्या दुपारी होतो. माय ओसरीत ज्वारी पाखडत होती. मी कार्ड दिलं. तिने सूप खाली ठेवलं, कार्ड दोन्ही हातांत घेऊन उलटंसुलटं केलं, आणि परत माझ्याकडे देत म्हणाली, वाच. मी वाचलं. सगळं खुशाल आहे, आप्पा बरे आहेत, पाऊसपाणी चांगलं आहे. "अजून?" तिने विचारलं. अजून काहीच नव्हतं, पण ती वाट बघत होती, म्हणून मी म्हणालो, आप्पा म्हणतात, सोनीची आठवण येते. मायने सुपातली ज्वारी हाताने सारखी केली. मग म्हणाली, तेवढं परत वाच. मी परत वाचलं, पण लिहिलेलंच नव्हतं तर तेच शब्द कुठून येणार? दुसऱ्यांदा मी म्हणालो, सोनीची फार आठवण होते. तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. तिने कार्ड घेऊन कमरेला खोचलं आणि घरात गेली.

त्या संध्याकाळी तिने डोक्यावरून अंघोळ केली होती. उकडत होतं म्हणाली. आणि मग ती बाजूला बसली. त्या काळी बायका महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायच्या, कावळा शिवला म्हणायचे. अंथरूण वेगळं, ताट वेगळं, चुलीला हात नाही. चुलतीने भाकरी थापता थापता कुरकूर केली होती, आत्ताच तर बसल्ती ना पंधरा दिवसांमागं? मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि माझं लक्ष नव्हतं. सकाळी मी वडिलांबरोबर जालन्याला गेलो आणि बारा वड्यांची रंगपेटी घेऊन आलो. माय अंगणाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी लांबूनच पेटी उघडून दाखवली. तिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, लाल लई झ्याक हाय. आठ दिवसांनी पूर उतरला आणि मामा आला, डोकं भादरलेला. त्याला दारात बघून मायने हंबरडा फोडला. मी खांबामागे उभा होतो. मामा रडत रडत म्हणत होता, कार्ड टाकल्तं ग, कार्ड टाकल्तं. माय म्हणाली, न्हाई आलं. पोस्टाचा काय भरवसा. त्यावर मी काही बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वडील गेले, मी भिंती रंगवल्या, लग्न केलं, पोरगी झाली, पोरगी पुण्याला गेली. बाकी सगळ्या जगाच्या पत्रात डोकावायची मला हौस, आणि घरात बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारता आला नाही. तिला माहीत होतं का? नसेल, तर मी एका रंगपेटीपायी तिचे आठ दिवस चोरले. बाप गेलेला असताना ती आठ दिवस खुशाल आहे म्हणून फिरली, ज्वारी पाखडली, पोराच्या पेटीतला लाल रंग बघितला. कधी कधी वाटतं, मी चांगली कार्डं करतो ती त्या आठ दिवसांची भरपाई म्हणून. मग वाटतं, कसली भरपाई, पोटासाठी करतो, उगाच कशाला मोठेपणा.

कोपरा बसला. जाड पुस्तकाखाली दहा मिनिटं दाबला, काढला, वरून निळ्या रंगाचा एक पातळ हात फिरवला. संपतरावांनी चष्म्याजवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. "कुठला होता?" ते म्हणाले. "मलाच सापडंना." ते अजून बघत होते तेवढ्यात मायने हात पुढे केला. "आण इकडं." कार्ड घेऊन तिने डोळ्यांजवळ नेलं नाही. नुसता अंगठा फिरवला. डावा कोपरा, मग उजवा कोपरा, कडेने वर, कडेने खाली, पुन्हा उजवा कोपरा. "आता जमलं," ती म्हणाली आणि कार्ड संपतरावांना दिलं. "जावा भाऊ. बहिणीला बघू द्या."

संपतरावांनी कार्ड पाकिटात घातलं, पाकीट पिशवीत, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात. मी एवढ्यासाठी काही घेणार नाही म्हटल्यावर जाताना एक कोरं कार्ड विकत घेऊन गेले, न फाडलेलं. "उषीला द्यायचं असंल कवा तरी," म्हणाले. पायरीवरून त्यांनी विचारलं, हसनाबादची गाडी बराबर बाराला लागते ना? मी म्हणालो लागते. ते उन्हात दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभा होतो, आणि मायचं वाक्य माझ्या डोक्यात उशिरा पोहोचलं. आता जमलं. म्हणजे पूर्वी जमलं नव्हतं. मी वळलो. ती वाटीच्या कडेची वाळलेली खळ नखाने खरवडत होती.

"माय, आता जमलं म्हणजे?"

"म्हणजे आता हाताला लागत न्हाई. तवाचा लई लागत होता." तिने वर बघितलं नाही. "बाभळीचा डिंक लावल्ता तू. खडा राह्यला होता त्यात."

मी तिच्यासमोर खाली बसलो. पाट नव्हता, फरशीवरच बसलो. रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता. विचारायचं होतं ते सगळं राहिलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच. "मग तू रडली नाहीस?"

"बसले ना तीन दिवस," ती म्हणाली. "भिताडाकडं तोंड करून बसलेल्या बाईला कोण काय विचारतंय? रडले निवांत."

पंधरा दिवसांत दोनदा. चुलतीची कुरकूर. डोक्यावरून अंघोळ. लेकीला बापाचं बी तिनच. सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं, आणि मी जगाच्या कार्डांत डोकावत बसलो होतो. "सांगायचं ना मग मला," मी म्हणालो. माझा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा झाला असावा, कारण तिने वाटी खाली ठेवली आणि खळीने चिकट झालेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "सांगितलं असतं तर तू बाजाराला गेला असता का? अन् सांगायचं काय? खोटं वाचलं म्हणून मारायचं तुला? परत वाच म्हणलं तर तू दुसरंच वाचलं. लई हसू आल्तं मला. बाप मेल्ता अन् हसू आल्तं."

"ते कार्ड कुठंय?"

"फाडलं. तसलं घरात ठेवत न्हाईत." ती थोडा वेळ माझ्या मागच्या मांडणीकडे, तिथे ओळीने लावलेल्या कोऱ्या कार्डांकडे बघत राहिली. "आप्पांनी जन्मात मला एक कार्ड धाडलं न्हाई. घर बघून पोरगी दिली, झालं त्यांचं. आठवण येते असं कवा बोलले न्हाईत. तू वाचलं, तेवढं एकच आलं मला."

गुडघ्यावरची खळ वाळायला लागली होती, कातडी ओढल्यासारखी वाटत होती. मायने पदराने हात पुसला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"वाच ना," ती म्हणाली. "तेवढं परत वाच."

माझ्या हातात कार्ड नव्हतं. तरी मी दोन्ही हात समोर धरले, तेव्हा धरले होते तसे, आणि वाचायला लागलो. सगळं खुशाल आहे. आप्पा बरे आहेत. पाऊसपाणी चांगलं आहे. आप्पा म्हणतात, सोनीची आठवण येते.